आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा

घरच्या लॅपटॉपवर मी बायकोला प्रशासक केलं आणि स्वतःला मानक वापरकर्ता. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी जबरदस्ती केली नव्हती. खातं कोणत्या प्रकारचं हवं म्हणून पडद्यावर दोन गोल आले. एकापुढे 'प्रशासक' होतं, दुसऱ्यापुढे 'मानक वापरकर्ता'. मी दोन्ही शब्द चष्मा पुसून नीट वाचले, विचार केला आणि चुकीच्या गोलात टिचकी मारली.

विचार केला होता, हे महत्त्वाचं. घाईगडबडीत कोणीही चुकतो. मी अभ्यास करून चुकलो. हयात हायस्कुलात मराठी शिकवण्यात गेली. मानक म्हणजे प्रमाण, एवढं मला कळतं. प्रमाण म्हणजे ज्याच्यावरून बाकीच्यांना मोजायचं ते. आमच्या घरात ज्याच्यावरून बाकीच्यांना मोजावं असा माणूस कोण, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आणि प्रशासक म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणालाही विचारा. ग्रामपंचायतीची मुदत संपली आणि निवडणूक लांबली की प्रशासक येतो. गावच्या शेतकी सोसायटीच्या संचालकांची मुदत संपली की तिथेही येतो. तालुक्याहून येणारे एक साहेब असतात. ठरलेल्या वारी येतात, सह्या करतात, चहा घेतात आणि दुपारच्या बसने परत जातात. खरी माणसं निवडून येईपर्यंत खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून बसवलेला माणूस, तो प्रशासक. असलं तात्पुरतं पद मी बायकोच्या पदरात टाकलं, आणि तिलाही काहीतरी दिलं म्हणून स्वतःच्या दिलदारपणाचं मनातल्या मनात कौतुकही केलं.

पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तिला बोलावलं. ती पोळ्या टाकून आली, पिठाच्या हातानेच काहीतरी टाइप केलं. मी मुद्दाम मान खिडकीकडे वळवली होती. दुसऱ्याचा पासवर्ड बघू नये, हा सभ्यपणा. या सभ्यपणाची किंमत पुढे सांगतो.

आधी लॅपटॉपबद्दल. तो आमच्या सोसायटीचा. त्यांनी नवी यंत्रं घेतली तेव्हा जुन्या सामानाची उघड बोली लागली. लोखंडी कपाट, टेबलं, एक पंखा आणि हा लॅपटॉप. कपाटासाठी पुष्कळ लोक होते. लॅपटॉपसाठी मी एकटाच उभा होतो. सेक्रेटरी म्हणाला, "आणखी कोणी?" त्याच्या आवाजात अशी काही जादू होती की मी रक्कम वाढवली. तो परत म्हणाला, "आणखी कोणी?" मी परत वाढवली. शेवटी त्याने हात जोडले. "सर, तुमनासमोर कोनीच नही शे." तो माझा जुना विद्यार्थी. वर्गात त्याला मी बाकावर उभं करायचो, त्या दिवशी त्याने मला वाचवलं.

नंदुरबारच्या एका दुकानदाराने तो लॅपटॉप पुसून कोरा केला आणि माझ्या जुन्या, अखेरचा श्वास घेणाऱ्या कॉम्प्युटरवरून घरखर्चाचा प्रोग्रॅम, सगळ्या हिशेबासकट, त्यात आणून बसवला. मी म्हटलं, सगळ्या सूचना मराठीत पाहिजेत.

"सर, इंग्रजीतच राहू द्या," तो म्हणाला. "मराठीत तुम्हाला कळणार नाही."

"मी मराठीचा शिक्षक आहे."

"म्हणूनच सांगतो," तो म्हणाला, पण करून दिलं. दुकानात प्रोग्रॅम उघडून दाखवला. निघताना बजावलं, की यात सध्या माझ्या नावाचं खातं आहे, घरी गेल्यावर तुमची दोन करून घ्या आणि माझं काढून टाका. ते मी किती चोख पार पाडलं ते वर सांगितलंच आहे. त्याचं खातं काढून टाकताना तर मला स्वच्छता केल्याचं समाधान वाटलं होतं.

आता या प्रोग्रॅमबद्दल. काही निवृत्त लोक मंदिरात जातात, काही पारावर बसतात. मी खर्च लिहितो. दूध, किराणा, औषधपाणी, लग्नाचे आहेर, भावाकडच्या शेतातला आपला वाटा, सगळ्याची वेगवेगळी खाती. कोथिंबिरीची जुडी घेऊन आलो तरी पिशवी ठेवण्याआधी मी कॉम्प्युटर चालू करतो. एका खात्याचं नाव मी 'अनपेक्षित खर्च (अपेक्षित)' असं ठेवलं आहे आणि त्याचा मला फार अभिमान आहे. घरात काही घ्यायचं झालं की माझं एक ठरलेलं वाक्य असतं: "हिशेब पाहून सांगतो." या वाक्यावर आमचा संसार चालला आहे, अशी माझी समजूत होती.

यंदा मिरची वाळून तयार झाली आणि गावातल्या बायका वर्षाचं तिखट करायला लागल्या, त्याच सुमारास रनाळ्याच्या एका बाईंनी बायकोला निरोप पाठवला. त्या मुलीकडे सुरतेला राहायला चालल्या होत्या आणि त्यांचं मिरची कांडप यंत्र विकायचं होतं. यंत्र चांगलं, चालतं, किंमत रास्त. खांडबाऱ्याचा एक जण त्यावर डोळा ठेवून होता. पण या बाईंना बायकोच्या हाताचं तिखट माहीत होतं, म्हणून त्यांनी पहिला शब्द तिला दिला. म्हणाल्या, रविवारपर्यंत थांबते.

हे यंत्र बायकोला किती दिवसांपासून हवं होतं ते मला ठाऊक होतं. गावात कांडप नाही. बायका पोती घेऊन रनाळ्याला नाहीतर नंदुरबारला जातात, दिवस मोडतो, आणि दुसऱ्याच्या यंत्रात आपली मिरची कोणाच्या मिरचीत मिसळते याचा भरवसा नसतो. आपल्या ओसरीत यंत्र असावं, बायकांनी आपल्याकडे यावं, हे तिने अनेकदा बोलून दाखवलं होतं. आता यंत्र होतं, हंगाम होता, रविवारपर्यंतची मुदत होती.

"आपले झेपी का?" तिने विचारलं.

"हिशेब पाहून सांगतो."

"आज?"

"आत्ताच," मी म्हटलं आणि रुबाबात लॅपटॉप उघडला. नवीन लॅपटॉपवर माझ्या खात्यातून पहिल्यांदाच प्रोग्रॅम उघडत होतो. पडद्यावर एक चौकट आली.

'हिशेबाची फाइल उघडता येत नाही. या फोल्डरमध्ये लिहिण्याची आपल्याला परवानगी नाही. कृपया आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.'

ज्याने गावातल्या निम्म्या लोकांना लिहायला शिकवलं त्याला लिहिण्याची परवानगी नाही. मी चौकट बंद केली. परत उघडली. लॅपटॉप बंद करून चालू केला. पडदा पुसला. ओसरीतून उचलून खिडकीजवळ नेला, का नेला ते विचारू नका, मोबाइलला तिथे रेंज येते म्हणून नेला असेल. चौकट तीच. मग मला एक युक्ती सुचली. प्रोग्रॅमची एक नक्कल काढून मी ती समोरच्या पडद्यावर आणून ठेवली आणि तिथून उघडली. उघडली. मी खुशीत टाळी वाजवली. आत काहीच नव्हतं. दूध नाही, किराणा नाही, आहेर नाहीत. मधोमध एकच प्रश्न होता: 'नवीन कुटुंब तयार करायचे आहे का?'

बायको मागे उभी होती. मी घाईने 'नाही' दाबलं.

"विचारी तर ऱ्हायना व्हता," ती म्हणाली. "या वयमा बी."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, मी म्हटलं एक तांत्रिक अडचण आहे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, बँकेत किती आहेत ते फोनवर दिसतं, तेवढं बघा आणि सांगा. मला रागच आला. मी तिला समजावलं, की बँकेतला आकडा म्हणजे विहिरीतलं पाणी. ते सगळं आपलं दिसतं. पण त्यातलं केळीला किती, कापसाला किती, गुरांना किती, हे ज्याला ठाऊक नाही त्याने मोटर सुरू करू नये. विम्याचा हप्ता आहे, भाचीच्या लग्नाचा आहेर आहे, शेतातलं बियाणं आहे. ही वाटणी माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे.

"आणि प्रोग्रॅम?"

"तो उघडत नाहीये."

"म्हंजे विहीर शे, मोटर शे, पन कुलूप तुम्ही लावेल शे," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. उपमा माझी, आणि मलाच लागली.

मी दुकानदाराला फोन केला. तो घरच्या लग्नासाठी दोन-तीन दिवस नवापूरला गेला होता. मागे बँड वाजत होता. मी ओरडून चौकटीतलं वाक्य वाचून दाखवलं. तो ओरडून म्हणाला, "सर, प्रशासकाकडून परवानगी घ्या. दोन मिनिटांचं काम आहे." एवढं बोलून तो बँडमध्ये बुडाला.

झालं. मला सगळं लख्ख दिसलं. लॅपटॉप सोसायटीचा. मागच्या बाजूला सोसायटीचा नंबर रंगवलेला आहे, तो पुसायचा राहिला. सोसायटीवर सध्या प्रशासक. निवडणूक लांबल्यामुळे संचालक नाहीत. म्हणजे लॅपटॉप विकला तरी कुठेतरी, आत, त्याचा ताबा अजून प्रशासकाकडे राहिला असणार. आपण जमीन घेतो आणि सातबाऱ्यावर जुनंच नाव राहतं, तसं. आता वाचताना तुम्हाला हसू येत असेल, पण त्या दिवशी हा तर्क मला इतका पटला की मी दुकानदाराचं मनोमन कौतुक केलं. बायकोला मीच प्रशासक केलं होतं, हे डोक्यातून साफ गेलं होतं. ते पद मला कधी पद वाटलंच नव्हतं.

मी अर्ज लिहिला. कोऱ्या कागदावर, समास सोडून, ठळक अक्षरात. 'विषय: संगणकात लिहिण्याची परवानगी मिळणेबाबत.' खाली 'महोदय' घालून सविस्तर मजकूर. शुक्रवारी साहेब येतात, म्हणून शुक्रवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सोसायटीत गेलो. सेक्रेटरीने अर्ज वाचला नाही, सवयीने त्यावर आवकचा शिक्का मारला आणि आत नेऊन ठेवला. मला आत बोलावलं.

साहेब तरुण होते, चष्मा, समोर सह्यांचा ढीग. त्यांनी अर्ज वाचला. मग परत विषयापासून वाचला.

"सर, लॅपटॉप तुम्ही विकत घेतलाय ना?"

"पावती आहे माझ्याकडे."

"मग तो आमचा राहिला का?"

"नाही राहिला. पण तो तुमचं नाव सांगतोय."

"माझं नाव?"

"पदनाम."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काय लिहायचंय तुम्हाला त्यात?"

"घरखर्च."

"आणि त्याला मी परवानगी द्यायची."

"त्याचं म्हणणं तसं आहे."

सेक्रेटरी दाराला टेकून उभा होता. तो एकदम बाहेर गेला आणि बाहेर खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

साहेब मात्र हसले नाहीत. सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, "लॅपटॉप चालू केल्यावर पडद्यावर कोणाची नावं येतात?"

"दोन येतात. एक माझं, एक आमच्या मंडळींचं."

"ती खाती कोणी तयार केली?"

"मी."

"करताना विचारलं असेल, प्रशासक कोण."

मी चष्मा काढून पुसायला घेतला. तोपर्यंत सेक्रेटरी परत दारात आला होता.

"सर, प्रश्न सोपा शे," तो म्हणाला.

त्याला मी तोंडी परीक्षेत नेमकं हेच वाक्य ऐकवायचो. मी म्हटलं, "मंडळी."

साहेबांनी पेन उचललं आणि अर्जाच्या समासात, जिथे शेरा लिहितात तिथे, व्यवस्थित लिहिलं: 'सदर अर्ज योग्य त्या प्रशासकाकडे वर्ग.' खाली सही, तारीख. अर्ज माझ्या हातात देत म्हणाले, "योग्य मार्गाने जा सर. मधे कोणाला टाळू नका."

आता कोणीही शहाणा माणूस घरी गेला असता, बायकोला म्हणाला असता, बाई, तुझा पासवर्ड टाक, माझ्याकडून चूक झाली. दोन मिनिटांचं काम होतं, दुकानदार खरंच बोलला होता. पण त्यासाठी 'तू प्रशासक आहेस' हे वाक्य मला तोंडाने उच्चारावं लागलं असतं. मी ठरवलं, पासवर्ड आपणच ओळखायचा. इतक्या वर्षांचा संसार आहे, काय अवघड आहे?

त्याच संध्याकाळी ती कीर्तनाला गेल्यावर मी बसलो. पहिला अंदाज अर्थातच माझं नाव. चूक. मला वाटलं स्पेलिंग वेगळं केलं असेल, म्हणून माझं नाव दुसऱ्या पद्धतीने टाकलं. चूक. नंतर मुलाचं, मुलीचं, नातीचं. तिचं माहेरचं गाव. कुलदेवी. गायीचं नाव. लग्नाची तारीख टाकताना मला ती नक्की आठवेना, म्हणून पुढची-मागची अशा दोन्ही टाकल्या. परत एकदा माझं नाव, आडनावासकट. शेवटी लॅपटॉपनेच हात टेकले. 'या खात्यात पुष्कळ वेळा चुकीचा प्रयत्न झाला आहे. खाते तात्पुरते बंद केले आहे.'

दाराची कडी वाजली. बायको आत आली, तिच्या कानाला फोन. रनाळ्याच्या बाई बोलत होत्या, इतक्या मोठ्याने की मला इथे ऐकू येत होतं. खांडबाऱ्याचा माणूस रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येणार होता. तुम्हाला पाहिजे असेल तर तुम्ही त्याच्या आधी या, नाहीतर मी त्याला देते, माझं सामान बांधून झालंय.

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी खिशातून अर्ज काढून तिच्या हातात दिला.

आमच्या घरात माया अहिराणीत चालते, राग अहिराणीत चालतो, पण उपहास मात्र प्रमाण मराठीत. तिने अर्ज वाचला, समासातला शेरा वाचला, कागद उलटा करून मागची बाजू पाहिली आणि म्हणाली, "विषय चांगला मांडलाय. सोबत जोडलेली कागदपत्रं दिसत नाहीत."

"तसं नव्हे," मी म्हटलं.

"अर्ज दोन प्रतींत द्यायचा असतो ना? मुलांना तुम्हीच शिकवायचे."

मग ती लॅपटॉपसमोर बसली आणि तिला बंद खात्याची सूचना दिसली. हे कोणी केलं, असं तिने विचारलं. आम्हा दोघांशिवाय घरात फक्त मांजर होतं. मी मांजराकडे पाहिलंसुद्धा, पण ते झोपलेलं होतं.

थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा, असं लॅपटॉप सांगत होता. आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत शेजारी शेजारी बसून राहिलो. गाडी उशिरा असल्यावर फलाटावर बसतात तसे. मग ती हळू आवाजात, अहिराणीत म्हणाली, "माले ते यंत्र जोयजे. तुमना हिशेब माले नको. शिलाई मशीन लेवानं व्हतं तवय बी तुम्ही हिशेबच दखी ऱ्हायनात. हंगाम निंघी गया."

तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्या तोंडात आलेलं उत्तर 'हिशेब पाहून' यानेच सुरू होत होतं, ते मी गिळलं.

खातं सुरू झालं. तिने पासवर्ड टाकला. मी मान खिडकीकडे वळवली, या वेळी भीतीने. तो काय होता ते मला आजही माहीत नाही. माझं नाव नव्हतं, एवढंच सांगतो. तिच्या खात्यातून प्रोग्रॅम एका झटक्यात उघडला. दूध, किराणा, आहेर, सगळे जागच्या जागी. तिने आयुष्यात पहिल्यांदा तो नीट पाहिला. मी शेजारी उभा राहून समजावू लागलो, ही जमा, ही नावे, इथे वाटणी. तिने मला हाताने थांबवलं, सगळी खाती वरून खाली पाहिली, आणि 'अनपेक्षित खर्च (अपेक्षित)' यावर बोट ठेवलं. आत भरपूर होतं. ते खातं केल्यापासून मी त्यातून एकही खर्च होऊ दिला नव्हता. एखादा अनपेक्षित खर्च आला की तो मला अपेक्षित वाटायचा आणि मी तो दुसरीकडे लिहायचो.

"हे काय शे?" तिने विचारलं.

"राखीव."

"कसाकरता?"

मी काय सांगणार. म्हटलं, "यंत्राकरता."

तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला. लग्न लागलं होतं, जेवण झालं होतं, माझी आठवण झाली होती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि प्रशासक कोण ते कबूल केलं. त्याने सांगितलं, आता वहिनींच्या खात्यातून त्या फोल्डरवर सरांना कायमची परवानगी देऊन टाका, म्हणजे रोज त्रास नको. फोल्डरच्या गुणधर्मात जा, सुरक्षा उघडा, सरांचं नाव निवडा. माझ्या नावासमोर उभी यादी आली. पूर्ण नियंत्रण. सुधारणा. वाचा. लिहा. प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन.

"सगळ्यात वरचा दाबा वहिनी," दुकानदार म्हणाला. "पूर्ण नियंत्रण. म्हणजे खालचे आपोआप होतात."

बायकोने यादी वाचली. 'वाचा' या चौकोनात खूण केली. 'लिहा' यात केली. आणि खाली 'ठीक आहे' दाबलं.

"वहिनी, वरचं राहिलं."

"राहू द्या," ती प्रमाण मराठीत म्हणाली. "शिक्षक आहेत. वाचता-लिहिता येतंय एवढं पुरे."

फोनमधून खोकल्याचा आवाज आला.

रविवारी सकाळी आम्ही रनाळ्याला पोचलो तेव्हा खांडबाऱ्याचा टेम्पो आधीच अंगणात लागलेला होता. त्या माणसाच्या हातात चहाचा कप, आणि तो कांडप यंत्राभोवती फेरी मारत होता, घोडा विकत घ्यायला आल्यासारखा. बायकोचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे बघायला वळली आणि तिने तो विचार सोडून दिला.

रनाळ्याच्या बाई घरातून बाहेर आल्या. उंच, कमरेला पदर खोचलेला, बोलणं तडक. "ताई, तुन्ही वाट दखी दखी थकनू. इतला दिन काय करी ऱ्हायन्यात?"

बायकोने सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तब्येत बरी नव्हती असं काहीतरी म्हणेल. तिने प्रशासकापासून सुरुवात केली. अर्ज, आवकचा शिक्का, साहेबांचा शेरा, नवीन कुटुंब तयार करायचं का, काही सोडलं नाही. खांडबाऱ्याच्या माणसाने कप ओट्यावर ठेवला, हातातून पडू नये म्हणून. तो म्हणाला, भाऊ, मी एकदा बँकेत गेलो होतो तर... आणि पुढचं त्याला हसण्यामुळे सांगता आलं नाही. मला बरं वाटलं, की निदान तोही कुठेतरी चुकलेला आहे.

पण यंत्र त्याला हवंच होतं. तो म्हणाला, मी आधी आलो, टेम्पो भाड्याचा आहे, थोडे वर देतो. बाईंनी बायकोला विचारलं, "तुले हाई चालवता येस का?"

बायकोने यंत्र सुरू केलं. मुसळं उठली-पडली, जमीन हलली. तिने कान लावून आवाज ऐकला, पट्टा ढिला आहे म्हणाली, बंद करून तो स्वतः ताणला, परत सुरू केलं. बाजूच्या पाटीतली मूठभर मिरची टाकली. तिखट बाहेर आलं, तिने ते चिमटीत घेऊन बोटांनी चोळून पाहिलं आणि बाईंच्या तळहातावर ठेवलं. बाईंनीही चोळून पाहिलं. दोघींना एकदम शिंक आली. खांडबाऱ्याच्या माणसाने ते बघितलं आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, चल रे, मोकळेच जाऊ.

सौदा ठरला. बायकोचे डोळे पाणावले होते. मिरचीमुळे असेल. मलाही काहीतरी करावंसं वाटलं. आजवर मी कोणत्याही यंत्राची माहिती वाचल्याशिवाय ते घरात घेतलेलं नाही. म्हणून चष्मा लावला, वाकलो, यंत्राच्या अंगावरच्या पत्र्याच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचू लागलो. अक्षरं पुसट होती. अजून जवळ वाकलो आणि आधाराला हात टेकला, तो नेमका बटणाच्या पेटीवर.

रनाळ्याच्या बाईंनी माझा हात मनगटाला धरून, मुलाचा धरतात तसा, बाजूला केला आणि बायकोला म्हणाल्या, "ताई, यंत्र खुशाल लई जाय. पन या मास्तरले बटनजवळ जाऊ देऊ नको."